हिरवा दगड आणि जिलब्या

२ डिसेंबर, सोमवार

कॉलेजातून निवृत्त होताना मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी मागून घेतली ती प्रॅक्टिकलची पाच कोरी जर्नलं. उजवं पान आखलेलं, डावं आकृतीसाठी कोरं. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मुलांच्या जर्नलांचे गठ्ठे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले, आता हे माझं स्वतःचं. तपासायला कोणी नाही, हे उत्तम.

लिहायला आजच बसायचं कारण, संजयनी बाल्कनीत मशीन आणून बसवलंय. (तोंडावर मी 'अहो' म्हणते, इथे संजय लिहिणार. माझं जर्नल आहे.) दगडाला पैलू पाडायचं जुनं मशीन. रविवार पेठेत बापूराव म्हणून एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे महिनाभर शिकायला जातायत, तिथूनच आणलं. चौतीस वर्षं या माणसाने खडकीच्या फॅक्टरीत सुटे भाग तपासले. मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल ठिपका आणि भंगार. सप्टेंबरात निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि आम्ही वाघोलीत या सातव्या मजल्यावर आलो. घरातल्या सगळ्या वस्तू तपासून संपल्यावर आता दगडांची पाळी आलेली दिसते.

संध्याकाळी म्हणाले, "ललिता, तुझा हिरवा मला दे."

"कशाला?"

"पैलू पाडतो त्याला."

"आधी काचेचा एक तुकडा तरी नीट घासून दाखवा."

यावर ते मशीनचं चाक पुसायला लागले. एरवी वाद घालतात.

हिरवा म्हणजे माझा ॲपोफिलाइट. सत्त्याण्णव साली सहलीबरोबर वाघोलीच्याच खाणीत गेलो होतो, तेव्हाचा. मैत्री पोटात होती, म्हणून सरांनी मला खाली उतरू दिलं नाही. मुलं खाली हातोड्या आपटत बसली आणि मी वर फोडलेल्या दगडांच्या ढिगाशेजारी डबा खात बसले. समोरच्या काळ्या दगडाच्या पोकळीत हा बसलेला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, कोवळ्या पानाच्या रंगाचा, आरपार. सरांनी पाहिला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "तुम्हाला सापडला, तुम्हीच ठेवा." ती खाण आता आमच्या खिडकीतून दिसते. अर्धी बुजवून वर इमारत उभी आहे, अर्ध्यात पाणी.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. संध्याकाळी इथल्या विहारात गेलो. वंदना चालू असताना संजयच्या हातातल्या मेणबत्तीची ज्योत सारखी थरथरत होती, मेण त्यांच्या बोटांवर सांडलं. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली. वारा असावा. माझी सरळ जळत होती, पण मी खांबाच्या आडोशाला होते.

येताना म्हणाले, "आप्पा असते तर आज शंभरीला आले असते." आप्पा म्हणजे माझे सासरे. या दिवशी त्यांची आठवण निघतेच.

११ डिसेंबर, बुधवार

आज संजयबरोबर मी स्वतः बापूरावांकडे गेले. हिरवा पर्समध्ये, कापसात, कापूस डबीत. सोन्या मारुती चौकाच्या मागे वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. वय पंचाहत्तर, बसायला एकच खुर्ची आणि तिच्यावर ते स्वतः. भिंग लावून बराच वेळ दगड पाहिला.

"कुठला?"

"वाघोलीचा."

"हो का. बाई, हा कापायचा दगड नाही, बघायचा आहे. बघून झाला. ठेवा पर्समध्ये."

"पण कापतात ना लोक?" संजयनी विचारलं. "संग्रहात ठेवायला?"

"कापतात की. दहातले आठ फोडतात. उरलेले दोघे खोटं बोलतात."

मला माणूस आवडला. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि जे सांगितलं ते मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, फक्त उलट्या बाजूने. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, त्यात हवेच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका असं एकेक ठेवत गेलं. असे पांढरे ॲपोफिलाइट इथे पोत्यांनी निघायचे. एखाद्यात कणभर व्हॅनेडियम शिरलं तर तो हिरवा होतो. ज्या पाण्याने तो घडवला ते थोडं त्याच्या आत राहतंच. म्हणून त्याला गरम केलं की पाणी निघून जातं आणि दगड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो. धक्का लागला तरी तेच, आडवा पापुद्रा निघून येतो. बापूराव म्हणाले, बाकीचे दगड आम्ही लाख तापवून दांडीला चिकटवतो, याला लाख लावली की संपला. थंड गोंद लावायचा, चाक हळू ठेवायचं आणि हात देवघरातल्या समईसारखा स्थिर पाहिजे.

"असा हात बसायला किती दिवस लागतात?" संजयनी विचारलं.

"दोन वर्षं."

"दोन वर्षं कुठून आणू?"

बापूरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि विषय बदलला. बसमध्ये मी म्हटलं, निवृत्त माणसाला कसली एवढी घाई? ते कंडक्टरला द्यायला सुट्टे शोधायला लागले. मार्चमध्ये फॅक्टरीतल्या मित्रांचं स्नेहसंमेलन आहे, तिथे मिरवायचं असेल. पुरुषांना साठीनंतरही बक्षीस लागतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

बाहेर बारा अंश आणि घरात पंखा. मी स्वेटर घालून पोळ्या लाटतेय आणि हे बनियनवर. सहा पोळ्या खाल्ल्या. तरी पट्ट्याला नवं भोक पाडलं, खिळा तापवून. "इथली हवा मानवत नाही," म्हणाले. हवा मानवत नाही तर सहा पोळ्या कशा मानवतात ते विचारलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

बाल्कनी झाडताना मशीनखालच्या खणात कागदांची चळत सापडली. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काढलेली एक जिलबी. आतून बाहेर गोल गोल, चार वेढे. खाली तारीख, वेळ आणि सही, फॅक्टरीत लिहायचे तसं. प्रत्येकावर लाल पेन्सिलीचा ठिपका. सात नोव्हेंबरपासून रोज एक.

चाकावर हात फिरवायचा सराव असणार. शिस्त आहे, नाकारत नाही. पण नोव्हेंबरातल्या जिलब्या बऱ्या आहेत आणि अलीकडच्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. सराव करून हात बिघडलेला हा पहिलाच विद्यार्थी माझ्या पाहण्यात. कागद होते तसे परत ठेवले. चेष्टा करावीशी वाटली, पण स्वतःच्या चुका स्वतः लाल करणाऱ्या माणसाची काय चेष्टा करणार?

१ जानेवारी, बुधवार

भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला जाऊन आलो. रस्ता गाड्यांना बंद, पेरणे फाट्यापर्यंत बस आणि पुढे पायी. गर्दी दरवर्षीसारखी, पाणी वाटणारी पोरं दरवर्षीसारखी. स्तंभ दिसायला लागला आणि संजय रस्त्याच्या कडेला बसले. छातीत धडधडतंय म्हणाले. दरदरून घाम. मी म्हटलं, चालायची सवय गेली तुमची, दिवसभर त्या मशीनपुढे बसता. दहा मिनिटांनी उठले आणि दर्शन घेऊनच परतले. तिथे उभं राहून म्हणाले, "आप्पांना शेवटच्या वर्षी मी पाठीवर आणलं होतं इथे." मला ते ठाऊक होतं. मुद्दाम सांगितलं का, कळलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

भांडण झालं. माझ्या दगडांच्या डब्यातला एक पांढरा ॲपोफिलाइट त्यांना सरावाला दिला होता. आज चाकावर तो मधोमध फुटला, टक्क करून. आणि तेवढ्यावर हे चहा पिता पिता म्हणतात, "आता हिरवा दे. याच महिन्यात करायला हवा."

माझा ताबा सुटला. म्हटलं, "आधी हात बघा आपला. बशी वाजतेय तुमच्या हातात. आणि सत्तावीस वर्षं सांभाळलेला दगड मागताय?"

बशी खरंच वाजत होती. त्यांनी कप खाली ठेवला, थोडा चहा सांडला, तो पुसला. चेहरा असा झाला की मी कधी पाहिला नव्हता. मग बाल्कनीत जाऊन मशीनवर जुनी चादर घातली आणि चारही टोकं आत खोचली.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. जेवण गेलं नाही, एवढंच.

१२ जानेवारी, रविवार

बंगळुरूहून मैत्रीचा व्हिडिओ कॉल. "आई, पप्पा किती बारीक झालेत! गाल बघ ना. डाएट वगैरे चाललंय का?" संजय फोनच्या चौकटीतून बाजूला सरकले. मी म्हटलं, डाएट कसलं, तुझ्या लग्नातल्यापेक्षा जास्त जेवतात. हसली, पण फोन ठेवताना म्हणाली, "सिरीयसली आई, बघ जरा."

दुपारी ते बाहेर गेले तेव्हा मशीनवरची चादर धुवायला काढली आणि खण पुन्हा उघडला. जिलब्या नवव्या तारखेला थांबल्यायत. त्या दिवशीच्या जिलबीवर एक नाही, तीन लाल ठिपके. चळतीच्या अगदी तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावरही जिलबी, तशीच दातेरी. वर दवाखान्याचा शिक्का, साल दोन हजार नऊ, आणि नाव: दशरथ. म्हणजे आप्पा.

आप्पांना कंपवात होता. सहा वर्षं. शेवटी चमचा तोंडापर्यंत जात नव्हता, संजय कामावर जायच्या आधी त्यांना भरवून जायचे. दवाखान्यात तेच न्यायचे, मी कॉलेजात असायचे. तिथे डॉक्टर आप्पांना काय काय करायला लावायचे ते मी कधी विचारलं नाही. ही जिलबी काढायला लावायचे.

मी बाल्कनीत खालीच बसले. मेणबत्ती, बशी, 'दोन वर्षं कुठून आणू', 'याच महिन्यात'. हा माणूस दोन महिने रोज स्वतःला तपासतोय आणि रोज नापास करतोय, आणि मी याच जर्नलात त्याच्यावर विनोद लिहीत होते. माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य परत घेता आलं तर मी तो हिरवा दगड खाणीतल्या पाण्यात टाकून देईन.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी चहाबरोबर आप्पांचा कागद समोर ठेवला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. रोज मोजलं. एकदाही बसलो नाही."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवून काय होणार, ललिता? नापास पीस परत तपासत नाहीत."

"आणि माझा हिरवा कशाला हवा होता?"

खाली बघत म्हणाले, "हात पूर्ण जायच्या आधी तुझ्यासाठी एक काम नीट करून ठेवायचं होतं. तू लोकांचे दगड पुसण्यात जन्म घालवलास. तुझा एक तरी चमकवावा म्हटलं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. म्हटलं, "हे बघा, ती तुमची फॅक्टरी होती. आमच्या प्रयोगशाळेत उत्तर चुकीचं आलं की आधी उपकरण तपासायचे, मग रसायन तपासायचे, आणि सगळ्यात शेवटी दगडाला दोष द्यायचे. चपला घाला."

वाघोली चौकात डॉक्टर अक्षता म्हणून आहेत, मैत्रीच्या वयाच्या. त्यांनी संजयना दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडला. मग त्यांनी हात मांडीवर सैल सोडायला सांगितले आणि बघत राहिल्या. हात शांत. मग चालायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं, गळा चाचपला.

"वजन कमी झालंय? उकडतं का? धडधड होते?"

संजय म्हणाले, "नाही, तसं काही..."

मी पिशवीतून जर्नल काढलं आणि तारखेनिशी वाचून दाखवलं. एकोणीस डिसेंबर, बारा अंशात पंखा, सहा पोळ्या, पट्ट्याला भोक. एक जानेवारी, धडधड, घाम. सहा डिसेंबर, मेणबत्ती. संजय माझ्याकडे बघतच राहिले.

"काकू, तुम्ही तर सगळं लिहून ठेवलंय!" डॉक्टर म्हणाल्या.

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "वाचलं नव्हतं."

त्या म्हणाल्या, कंपवाताचा हात बहुतेक करून स्वस्थ ठेवला की हलतो, काकांचा पुढे धरला की हलतोय. मला वेगळीच शंका आहे, रक्त तपासू. आणि संजयना म्हणाल्या, "काका, रिपोर्ट येईपर्यंत स्वतःला काही ठरवू नका, प्लीज."

१५ जानेवारी, बुधवार

थायरॉईड!

कंपवात नाही. गळ्यातली ती बोटभर ग्रंथी नको इतकं काम करत सुटलीय, म्हणून वजन, घाम, धडधड आणि हात. गोळ्यांनी आटोक्यात येतं. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा संजयना ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे पीस ठीक आहे?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मी म्हटलं, हो, पीस ठीक आहे.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून आम्ही रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसलो. समोर नगर रोड नेहमीसारखा तुंबलेला, हॉर्न वाजतायत, आणि मला तो आवाजसुद्धा गोड लागत होता. संजय रुमालाने तोंड झाकून रडले. साठ वर्षांच्या माणसाला रस्त्यावर रडताना बघून एक बाई थांबली, म्हणाली, "काही वाईट झालं का हो?" मी म्हटलं, नाही, फार चांगलं झालंय. तिचा विश्वास बसला नाही.

येताना पाव किलो जिलब्या घेतल्या. खऱ्या. सगळ्यात वेडीवाकडी होती ती त्यांनी आधी उचलली.

मैत्रीला फोन केला. आधी ओरडली, दोन महिने लपवलं म्हणून. मग तीही रडली. एकंदर आज आमच्या घरात कोरडं कोणी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पंखा बंद. वजन दोन किलो वर. जिलब्या पुन्हा सुरू झाल्यायत, पण आता खणात नाहीत, फ्रिजवर चिकटवलेल्या. दातेरी कडा हळूहळू बोथट होत गेल्या. गेल्या पाच दिवसांच्या जिलब्यांना एकही दात नाही.

आज डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उघडली नाही.

"फुटला तर?"

"फुटला तर दोन होतील."

"सत्तावीस वर्षं सांभाळलायस."

"सांभाळला म्हणजे काय केलं? कपाटात ठेवला. त्यापेक्षा जास्त मी तुम्हाला सांभाळलंय, आणि त्यातही लक्ष नव्हतं."

हे बोलायचं असं ठरवलं नव्हतं, बोलून गेले. नऊ जानेवारीच्या वाक्याबद्दल माफी मागायची राहिली होती, तीही मागितली. संजय म्हणाले, "ते वाक्य बरोबरच होतं. बशी वाजत होती." मग मशीनवरची चादर काढून घडी घातली.

२ मार्च, रविवार

हिरवा चाकावर चढवून आज चौथा दिवस. कोपऱ्याचा एक पापुद्रा निघाला, नखाएवढा. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकला आणि कणीक मळता मळता थांबले. दोन महिन्यांपूर्वी हे घडलं असतं तर ते खचले असते. आज बाल्कनीतून आवाज आला, "ललिता, एक पान गळलंय. बाकी झाड आहे."

पापुद्रा मी ठेवून घेतला. उजेडात धरला की मोत्यासारखी झळाळी आहे.

१६ मार्च, रविवार

झाला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा राहिला, पण एकोणचाळीस पैलू आहेत आणि आत दिवा लावावा तसा हिरवा उजेड आहे. अंगठीत बसवता येणार नाही, फार मऊ आहे. गरम पाणी चालत नाही, लिंबू-चिंच चालत नाही, धक्का चालत नाही. असा उपयोगाचा काहीही नसलेला दागिना माझ्याकडे पहिलाच.

बापूरावांना दाखवायला नेला. भिंग लावलं, फिरवून फिरवून पाहिला.

"कोणी कापला?"

"मी," संजय म्हणाले.

"खोटं बोलताय," बापूराव म्हणाले आणि उठून खुर्ची त्यांना दिली.

घरी आल्यावर संजयना चेव आला. "आता तू काढ बरं एक जिलबी. इथे, डाव्या पानावर." या जर्नलाचं तेवढं एकच पान त्यांच्यापुढे उघडलं, बाकीची हाताने दाबून धरली. पेन्सिल घेतली, दम धरून काढली. समोर आहे, कोणीही बघावी. तिसऱ्या वेढ्यालाच दुसऱ्यावर चढली. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धरणारा माझा हात!

चष्मा लावून त्यांनी गंभीरपणे तपासणी केली. मान हलवली आणि लाल पेन्सिल शोधायला खण उघडला. सापडली नाही. ती मी पंधरा जानेवारीलाच कचऱ्याच्या गाडीत टाकली होती.

शेवटी निळ्या पेनाने जिलबीखाली 'पास' लिहिलं. मग तारीख, वेळ आणि सही. सही मी भिंगातून पाहिली, रेघ कुठेही हललेली नाही.